ओट्याखालचं बिऱ्हाड

झुरळ दिसलं की हात आधी चपलेकडे जातो, मग फवाऱ्याच्या डब्याकडे. त्याआधी एक काम करायला हवं. त्याची लांबी बघायची. दीड-पावणेदोन इंच लांब, तांबूस, मानेवरच्या ढालीला पिवळसर कड असलेलं झुरळ वेगळं. आणि जेमतेम अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं झुरळ वेगळं. पहिलं घरात वाट चुकून आलेलं असतं, दुसऱ्याने घरात बिऱ्हाड थाटलेलं असतं. दोघांसाठी उपाय निराळे. हे न बघता औषध आणलं तर पैसे जातात, दोन दिवस वास राहतो आणि झुरळं जागच्या जागी असतात.

एक गटारातलं, एक घरातलं

मोठ्या झुरळाचं शास्त्रीय नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना ते आकृत्यांमुळे चांगलं आठवत असेल. नावात अमेरिका असली तरी ते मूळचं आफ्रिकेतलं. जहाजांमधून अटलांटिक ओलांडून तिकडे गेलं. त्याचं राहण्याचं ठिकाण म्हणजे ड्रेनेजचे चेंबर, गटारं, सेप्टिक टँक आणि जुन्या इमारतींचे ओलसर डक्ट. चेंबरमध्ये पाणी चढलं, किंवा वर यायला वाट मोकळी मिळाली, की ते मोरीतून घरात येतं. त्याची मादी चौदा-सोळा अंड्यांची एक गडद तपकिरी कुपी तयार करते आणि एक-दोन दिवसांत ती एखाद्या फटीत चिकटवून निघून जाते. पिल्लू मोठं व्हायला सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत वेळ लागतो. म्हणजे संख्या वाढण्याचा वेग बेताचाच.

छोट्याचं नाव ब्लाटेला जर्मानिका, म्हणजे जर्मन झुरळ. गटाराशी त्याचा संबंध नाही. ते ट्रॉलीत, फ्रिजमागे, मिक्सरच्या तळाशी राहतं आणि तिथेच पिढ्या काढतं. याची मादी अंड्यांची कुपी कुठे ठेवून जात नाही. पोटाच्या टोकाला धरून, पिल्लं बाहेर पडायची वेळ होईपर्यंत ती बरोबर घेऊन फिरते. एका कुपीत तीस ते चाळीस अंडी असतात आणि आयुष्यभरात अशा चार ते आठ कुप्या होतात. आपल्याकडच्या उबदार स्वयंपाकघरात पिल्लू साधारण दोन महिन्यांत वयात येतं. गणित अवघड नाही. गणपतीत एखादं दिसलं आणि दुर्लक्ष झालं, तर दिवाळीचा फराळ करताना ती दिवसाउजेडी ओट्यावर फिरताना दिसतील. निशाचर प्राणी दिवसा दिसायला लागला, की लपायच्या जागा भरल्या असं समजावं.

जर्मनीचं नव्हे, इथलंच

सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या कार्ल लिनियसने १७६७ मध्ये या छोट्या झुरळाला नाव दिलं, तेव्हा ते युरोपात पोचलेलं होतं. ते मूळचं कुठलं, हे कोडं मात्र अडीच शतकं सुटलं नाही. कारण माणसाच्या वस्तीपासून दूर, रानात, ते कुठेही सापडत नाही. २०२४ मध्ये १७ देशांतल्या २८१ झुरळांची जनुकं तपासून झालेलं संशोधन प्रसिद्ध झालं, आणि बोट थेट आपल्याकडे वळलं. ब्लाटेला असाहिनाई या आशियाई रानझुरळापासून ही जात साधारण २१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये वेगळी झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. शेतातल्या पालापाचोळ्यातलं झुरळ वस्तीत शिरलं आणि घरचंच झालं. सुमारे १२०० वर्षांपूर्वी अरब जगाच्या व्यापारी आणि लष्करी मार्गांनी ते पश्चिमेकडे सरकलं. सुमारे ३९० वर्षांपूर्वी डच आणि ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपन्यांच्या काळात दुसऱ्या वाटेने पूर्वेकडे पसरलं. युरोपातून जगभर ते त्यानंतर गेलं. वेगवान जहाजं आणि थंड देशांतली उबदार घरं त्याच्या पथ्यावर पडली.

या दोन हजार वर्षांत त्याने बरंच गमावलं. रानातला त्याचा भाऊबंद चांगला उडतो आणि दिव्याकडे झेपावतो. घरातलं झुरळ पंख असून उडत नाही आणि उजेड दिसला की पळतं. घराबाहेर ते तगूच शकत नाही. ऊब, पाणी, खरकटं आणि फट या चारही गोष्टी त्याला आपण पुरवतो. हे एकदा लक्षात आलं की त्याच्याशी कसं वागायचं, हेही कळायला लागतं.

त्याचा दिवस, त्याची रात्र

झुरळाला अंधार आवडतो, त्याहून जास्त त्याला स्पर्श आवडतो. पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी टेकलेलं असलं की त्याला सुरक्षित वाटतं. म्हणून ऐसपैस कपाटापेक्षा पाच मिलिमीटरची फट त्याला पसंत. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला तर दीड मिलिमीटर पुरते. मोठं झुरळही याबाबतीत कमी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की ते अंग चेपून तीन मिलिमीटरच्या फटीतून एका सेकंदाच्या आत पलीकडे जातं.

आता स्वयंपाकघरात अशा फटी मोजा. ट्रॉलीच्या बिजागऱ्या आणि चॅनेल, फ्रिजच्या दाराचं रबर, त्याच्या कंप्रेसरची उबदार जागा, पाण्याच्या फिल्टरचं कव्हर, मिक्सरची पोकळ बैठक, ग्रॅनाइटच्या ओट्याची खालची कड, सनमायका सुटलेला कोपरा, भिंतीवरच्या घड्याळाची पाठ. टॉर्च घेऊन बघितलं तर अशा ठिकाणी चहाच्या बारीक भुकटीसारखे काळे ठिपके दिसतात. ती त्याची विष्ठा. तिच्या वासावरून बाकीची झुरळं त्याच फटीत गोळा होतात. म्हणून ठिपके नुसते बघून सोडायचे नाहीत. साबणाच्या गरम पाण्याने पुसून काढायचे.

कधी ट्रॉलीच्या मागे पांढरंशुभ्र, काळ्या डोळ्यांचं झुरळ दिसतं आणि घरात नवीन जात आली म्हणून घबराट होते. ते नेहमीचंच असतं, नुकतीच कात टाकलेलं. काही तासांत त्याचं कवच कडक होतं आणि रंग परत येतो. मात्र ते दिसणं हा पक्का पुरावा: पिल्लं इथे वाढताहेत.

खाण्यात त्याचे नखरे नाहीत. भाताचं शीत, तेलाचा ओघळ, साबण, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, मेलेले सोबती, एकमेकांची विष्ठा, सगळं चालतं. त्याच्या शरीरात राहणारा एक जिवाणू टाकाऊ युरिक अॅसिडमधला नायट्रोजन पुन्हा कामी आणतो. त्यामुळे निकृष्ट खाण्यावरही ते जगतं. नुसतं पाणी मिळालं तर उपाशीपोटी महिनाभर काढतं. पण पाणीच नसेल तर दोन आठवड्यांच्या आत संपतं. त्याची दुखरी नस ही. रात्री ओलं राहिलेलं सिंक, ठिबकणारा नळ, भांड्यांच्या जाळीखालचा ट्रे, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, कुंड्यांच्या बशा: हे त्याचे पाणवठे.

फवारा का हरतो

रात्री दिवा लावल्यावर जी चार झुरळं पळतात, त्यांच्यावर फवारा मारला की ती उताणी पडतात. आपल्याला वाटतं, काम झालं. पण त्या वेळी बहुसंख्य झुरळं फटीत असतात. अंड्यांची कुपी वाहणारी मादी तर बाहेर फारशी येतच नाही. बाजारातल्या बहुतेक फवाऱ्यांमध्ये पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात आणि झुरळांना ती झोंबतात. ओट्याखाली फवारलं की ती तिथून हलतात आणि हॉलमधल्या टीव्हीमागे, नाहीतर शेजारच्या घरात जातात. लक्ष्मणरेषेच्या खडूतही याच गटातली औषधं असतात.

शिवाय अनेक ठिकाणच्या जर्मन झुरळांवर पायरेथ्रॉइडचा असर उरलेला नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं, की औषधातून वाचलेल्या झुरळांच्या पिल्लांमध्ये एकाच पिढीत प्रतिकारशक्ती चार ते सहा पटींनी वाढली, आणि तीही कधी न वापरलेल्या दुसऱ्या गटाच्या औषधांविरुद्ध. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या घरांमध्ये, खोलीभर औषधाचा धूर सोडणाऱ्या डब्या तपासल्या गेल्या. झुरळं कमी झाली नाहीत. जमिनीवरचा आणि ओट्यावरचा औषधाचा थर तेवढा वाढला.

घरगुती उपायांपैकी तमालपत्र, लवंग, काकडीच्या साली यांनी घराला वास येतो, याहून जास्त काही होत नाही. डांबरगोळ्या सिंकच्या जाळीत टाकायची सवय घरोघरी आहे. त्यांतल्या नॅप्थलिनने झुरळं मरत नाहीत, पण ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी मात्र फुटू शकतात. बाळ असलेल्या घरात त्या नकोतच. प्लगला लावायच्या ‘अल्ट्रासॉनिक’ यंत्रांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना पुराव्याशिवाय दावे न करण्याची ताकीद दिली होती. ती यंत्रं अजून विकली जातात आणि झुरळं त्यांच्याच मागे बसतात.

किळस सोडून दुसरं कारण

झुरळ चावून कुणी दगावत नाही. त्याचे पाय गटारातून आणि कचऱ्यातून फिरून पोळीच्या डब्यावर येतात आणि सोबत जंतू आणतात, हे खरं. पण कमी बोललं जाणारं नुकसान श्वासाचं आहे. झुरळाची विष्ठा, लाळ आणि काती यांतली प्रथिनं सुकून धुळीत मिसळतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या आठ शहरी वस्त्यांमधल्या दमेकरी मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळांची अॅलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत झुरळांचे अंशही जास्त होते, त्या मुलांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण इतरांच्या तिपटीहून जास्त निघालं. म्हणून झुरळं संपल्यावरही काम उरतं. ट्रॉलीमागचा कचरा कोरडा झाडायचा नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा.

आधी मोजणी

सुरुवात औषधाने नको, मोजणीने करा. गोंदाचे सपाट सापळे किराणा दुकानात आणि ऑनलाइन मिळतात. फ्रिजमागे, सिंकखाली, गॅस सिलिंडरजवळ, ट्रॉलीच्या तळाशी असे चार-सहा ठेवा, भिंतीला अगदी टेकवून. झुरळ खोलीच्या मधून चालत नाही, कडेने चालतं. सापळा नको असेल तर जॅमची रिकामी बरणी घ्या. बाहेरून कागद चिकटवा म्हणजे चढायला पकड मिळेल, आतून गळ्याशी व्हॅसलिनचा पातळ पट्टा फिरवा आणि तळाशी पावाचा तुकडा टाका. आत उतरलेल्या झुरळाला बाहेर येता येत नाही. तीन रात्रींनंतर कुठल्या सापळ्यात किती आणि कुठली आहेत ते लिहून ठेवा. पिल्लं जिथे जास्त, तिथून हातभर अंतरातच मुख्य फट. पिल्लं लांब जात नाहीत.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा. तांबडा उजेड झुरळांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे ती पळत नाहीत.

मग आमिष

जर्मन झुरळासाठी आजचा सर्वांत भरवशाचा उपाय जेलचा आहे. त्यात फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांसारखं औषध झुरळाच्या आवडीच्या खाण्यात अगदी कमी प्रमाणात मिसळलेलं असतं. त्याची खुबी संथपणात आहे. झुरळ जेल खातं आणि लगेच न मरता फटीत परततं. तिथे त्याची विष्ठा पडते, मग ते स्वतः मरतं. फटीबाहेर फारशी न पडणारी लहान पिल्लं नेमकी मोठ्यांच्या विष्ठेवर आणि मढ्यांवर जगतात. म्हणजे जिथे फवाऱ्याचा थेंब पोचत नाही, तिथे औषध झुरळंच घेऊन जातात.

जेल लावताना तीन चुका नेहमी होतात. पहिली, मोठे गोळे लावणं. मुगाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान ठिपके, पण पुष्कळ ठिकाणी लावायचे: प्रत्येक बिजागरीजवळ, ड्रॉवरच्या चॅनेलशेजारी, ओट्याच्या खालच्या कडेला. दुसरी, शेगडीच्या धगीजवळ लावणं. तिथे ते सुकतं. तिसरी आणि सर्वांत महागात पडणारी, जेल लावून वर फवारा मारणं. फवाऱ्याचा वास आला की झुरळं त्या जागेकडे फिरकत नाहीत आणि जेल तसंच राहतं. फिनाइलने पुसणंही त्या जागी टाळा. रात्री ओटा कोरडा आणि खरकट्याचा डबा बाहेर असला, तर भुकेलं झुरळ जेलकडेच येईल. दोन आठवड्यांनी पाहा: ठिपके खाल्ले गेले असतील तर पुन्हा लावा.

कॅरमच्या बोर्डावर शिंपडली जाणारी बोरिक पावडर हा जुना उपायही खराच आहे. ती झुरळाच्या पायांना लागते, अंग साफ करताना पोटात जाते आणि काही दिवसांत ते मरतं. कणीक, पिठीसाखर आणि बोरिकच्या गोळ्याही घरोघरी करतात; त्या वाळून कडक झाल्या की झुरळं तोंड लावत नाहीत, म्हणून आठवड्याने बदलाव्या लागतात. पावडर कोरड्या जागी, दिसेल न दिसेल इतकी पातळ टाकावी. ढीग दिसला तर झुरळ वळसा घालून जातं. मुलांच्या किंवा मांजर-कुत्र्याच्या तोंडात जाईल अशा जागी ना पावडर, ना गोळ्या.

एकच जेल वर्षानुवर्षं वापरू नका. अमेरिकेत १९९३ मध्ये ज्यूल्स सिल्व्हरमन या कीटकशास्त्रज्ञाने नोंदवलं, की फ्लोरिडातल्या एका इमारतीमधली झुरळं आमिषातलं ग्लुकोजच टाळत होती. याचं कारण २०१३ मध्ये सापडलं. त्या झुरळांच्या तोंडाजवळच्या, कडू चव ओळखणाऱ्या चेतापेशी ग्लुकोजलाही प्रतिसाद देऊ लागल्या होत्या. त्यांना साखर कडू लागत होती. आमिष आवडीने खाणारी मेली, नाक मुरडणारी उरली आणि त्यांचीच प्रजा वाढली. तेव्हा सहा-आठ महिन्यांनी वेगळ्या औषधाचं, वेगळ्या कंपनीचं जेल आणा.

नव्याने येणारी झुरळंही रोखायला हवीत. जर्मन झुरळ बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, जुन्या फ्रिज-ओव्हनमधून, किराण्याच्या पिशव्यांतून घरात येतं. खोकी बाल्कनीतच रिकामी करून बाहेरच्या बाहेर रद्दीत द्या. जुनं उपकरण विकत घेतलं तर आत टॉर्च मारून बघा.

मोठ्यासाठी प्लंबर

मोठ्या झुरळासाठी जेलआधी न्हाणी ट्रॅप तपासा. मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या भागात सुमारे दोन इंच पाणी साठून राहतं आणि तेच गटार आणि घर यांच्यातलं दार असतं. महिनाभर गावी गेलं की ते पाणी आटतं आणि दार उघडं पडतं. बंद घर उघडताना मोठी झुरळं दिसतात, त्याचं बहुतेकदा हेच कारण. जाताना प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल ओता; तेलाचा पापुद्रा पाणी लवकर आटू देत नाही. सिंकचा पाइप भिंतीत किंवा जमिनीत शिरतो तिथली फट सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवा आणि मोरीला झाकणाची जाळी बसवा.

बाथरूमच्या खिडकीवर कधीकधी बारीक काळी गांधीलमाशीसारखी माशी बसलेली दिसते, चपटं छोटं पोट सारखं वर-खाली हलवणारी. तिला मारू नका. तिचं नाव इव्हॅनिया. ती माणसाला चावत नाही आणि मोठ्या झुरळाच्या कुपीत आपलं अंडं घालते; तिची अळी आतली सगळी अंडी खाते. मात्र ती दिसली म्हणजे जवळपास त्या कुप्या आहेत, हेही समजून घ्या.

घर एक, पाइप सगळ्यांचे

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण भिंतीपलीकडे असते. पाइपांचे डक्ट सगळ्या मजल्यांना सामाईक असतात. एकाने फवारलं की झुरळं दुसऱ्याकडे जातात आणि महिन्याने परततात. म्हणून चेंबर आणि डक्ट सोसायटीने, आणि स्वयंपाकघरं सगळ्यांनी एकाच आठवड्यात हाती घेतली तर खर्च वाटला जातो आणि परिणामही टिकतो.

पेस्ट कंट्रोलवाला बोलावलात तर तीन गोष्टी विचारा. परवाना आहे का, औषधाचं नाव काय, आणि मूळ डबा दाखवता का. डब्यावरच्या चौकोनातला रंग बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. साध्या बाटलीत आणलेलं, नाव नसलेलं, उग्र वासाचं औषध घरात फवारू देऊ नका. वर्षानुवर्षं घरांतून फवारल्या गेलेल्या डायक्लोरव्हॉसवर केंद्र सरकारच्या २०१८च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ‘सगळं कपाट रिकामं करा, चार तास बाहेर जा’ असं सांगणाऱ्यापेक्षा, गुडघ्यावर बसून बिजागऱ्या तपासणारा आणि जेलचे ठिपके लावणारा माणूस निवडा.

जेल लावल्यावर पहिल्या आठवड्यात मेलेली आणि झिंगलेली झुरळं जास्त दिसतील. ते चांगलं लक्षण आहे, फवारा काढू नका. एकदोन महिन्यांत सापळे रिकामे यायला लागले तरी सिंकखाली आणि फ्रिजमागे एकेक सापळा कायमचा असू द्या आणि महिन्यातून एकदा बघा. त्यात एक पिल्लू दिसलं, तर त्याच दिवशी जेलचे चार ठिपके लावा. त्या दिवशी ते पाच मिनिटांचं काम असतं. दोन महिन्यांनी ते अख्ख्या स्वयंपाकघराचं काम होतं.